दोन बोटांचा आधार

केतकी खर्चेनं शिकवलेल्या शंभर वैमानिकांपैकी नऊ मेले. नऊच्या नऊ विमान उतरवताना. ही बातमी तिला गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता कळली. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की त्या शंभरांतलं एकही माणूस प्रत्यक्षात जन्मलेलं नव्हतं.

"मागच्या वेळी सहा होते," कॅप्टन सलीम तडवींनी निकालाचा कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "आता नऊ. सुधारून ये म्हटलं होतं, तू बिघडवून आणलंस."

"सर, दीड महिना घाम गाळलाय मी."

"दिसतंय ना. तीन माणसं जास्तीची मेली."

तडवी कोठलीच्या उड्डाणशाळेचे मुख्य प्रशिक्षक होते. वय अठ्ठावन्न, मूळचे यावलकडचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागायचं.

"तीनपर्यंत चालतात," ते म्हणाले. "तिसरी आणि शेवटची संधी सोमवारी. तेव्हाही हेच झालं तर शिक्षकाचा परवाना विसर."

"पण माझं चुकतंय कुठे, ते तरी सांगा."

"ते आत्याबाईला सांगता येत नाही आणि मला दिसत नाही. दोन्ही वेळा मी तुझ्या मागच्या सीटवर होतो. मला तुझं शिकवणं झकास वाटलं. म्हणून तर जास्त भीती वाटते."

कागदोपत्री त्या यंत्राचं नाव भलतंच लांबलचक होतं. शिकाऊ शिक्षकांनी त्याला आत्याबाई म्हणायला सुरुवात केली, कारण ते बोलायचं खरं आणि बोलायचं चारचौघांत. पूर्वी शिक्षकाची परीक्षा म्हणजे एखादा परीक्षक मागे बसून शेरा लिहायचा. चांगला, बरा, सामान्य. आत्याबाई शिक्षकाकडे ढुंकूनही बघत नसे. तिचं सगळं लक्ष विद्यार्थ्याकडे. त्याची नजर कुठल्या तबकडीवर किती वेळ ठरते, पाय कधी ताठरतात, श्वास कुठे अडतो, कंट्रोल कधी आणि किती हलतो, हे ती तास-दोन तास टिपून घ्यायची. गेल्या तीस वर्षांतल्या लाखो शिकाऊ उड्डाणांच्या नोंदी तिच्या पोटात होत्या. कोण कसा शिकला आणि पुढे त्याचं काय झालं, सगळं. त्याच्या जोरावर ती समोरच्या विद्यार्थ्याच्या शंभर प्रती बनवायची. कुणी धीट, कुणी भित्रा. कुणाच्या वाट्याला धुकं, कुणाच्या वाट्याला आडवा वारा. मग त्या शंभरांना दहा वर्षं उडवायची, आणि हे सगळं कपातला चहा गार व्हायच्या आत. शेवटी एक आकडा द्यायची. असं का, म्हणून विचारलं तर गप्प. लाखो नोंदींतून तिला जे उमगायचं ते शब्दांत सांगायची सोय तिच्यात नव्हती. मेलेल्यांची शेवटची उड्डाणं मात्र हवी तर पडद्यावर दाखवायची.

इतका खटाटोप कशासाठी, असं कुणालाही वाटेल. मोठी विमानं आपली आपण उडायला लागून बरीच वर्षं झाली होती. पण तीन वर्षांपूर्वी सूर्यावर वादळ झालं, पावणेदोन दिवस उपग्रहांचे संदेश बंद पडले, आणि आकाशातल्या कितीतरी वैमानिकांना तेव्हाच कळलं की हातानं विमान उतरवायला आपण विसरलोय. त्यानंतर कायदा झाला. प्रत्येक विमानात हातानं उतरवू शकणारा एक तरी माणूस हवा. असा माणूस घडवणारे शिक्षक मात्र देशात मोजकेच उरले होते.

केतकीला त्यांच्यातली एक व्हायचं होतं. खरं तर दुसरं काही होण्यासारखं तिला उरलंच नव्हतं. वय छत्तीस. अकरा वर्षं मालवाहू विमानं चालवली, मग यंत्रानं तिची सीट घेतली आणि ती नाशिकला नवऱ्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून दुसऱ्यांची विमानं बघायला लागली. शिक्षकाचा परवाना हीच आकाशात परत जायची एकमेव वाट होती.

आणि शिकवायचं कसं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती एकोणीस वर्षांची असताना तिला एक कॅप्टन शिकवायचा. चुकलं की पट्टीनं बोटांच्या पेरांवर मारायचा. एकदा रेडिओवरून, सगळ्या विमानांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "बाई, तुझ्या हातात लाटणंच बरं." संडासात जाऊन रडायची ती. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आपण कधी शिकवलं तर आपल्या हाताखालच्या पोराच्या डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही.

दुपारी उन्हाचा ताव वाढला की उड्डाणं थांबत. धावपट्टीवरची हवा हलताना दिसायची, पलीकडच्या केळीच्या बागा पाण्यात बुडाल्यासारख्या वाटायच्या. केतकी हँगरच्या सावलीत बसली होती. नवऱ्याचा, निनादचा फोन आला.

"नऊ?" तो म्हणाला. "अगं, यंत्रच चुकलं असेल. तू किती छान समजावतेस, मला माहीत नाही का?"

"तू कधी माझ्याबरोबर उडालास?"

"नाही, पण... सोड ना. ये घरी. जिवाला किती लावून घेशील?"

त्याचं बोलणं गोड होतं, आणि तिला ते हवंहवंसं वाटलं. यंत्र चुकलं असेल. तडवींना ती आवडत नसेल. हवा खराब असेल. फोन ठेवल्यावर पाचेक मिनिटं तिनं यातलं प्रत्येक कारण मनात घोळवून पाहिलं. मग उठली आणि आत्याबाईच्या खोलीत गेली. सहा मेलेले तिनं मागच्या वेळी पाहिले नव्हते. पाहवलं नसतं. आज मात्र पाहायचं ठरवलं.

पडद्याच्या कोपऱ्याला एक लांब तडा होता. तो कसा गेला, हे शाळेत कुणी सांगत नसे. त्या तड्याशेजारी पहिला मेला. आडवा वारा, विमान जरा जोरात आलं, पुढचं चाक आपटलं, विमान उसळलं आणि पंखावर कोसळलं. दुसऱ्याच्या वेळी वारा नव्हता, धुकं होतं. तिसऱ्याच्या वेळी काहीच नव्हतं, स्वच्छ सकाळ होती. एकाशी एक जुळेना.

पाचव्याच्या वेळी तिला ते दिसलं. जमीन पंधरा फुटांवर आली, विमानाचं नाक उचलायला कंट्रोल हळूच मागे ओढायची वेळ झाली, आणि त्या पोराचे हात थांबले. घाबरून थिजले नव्हते. नुसते थांबले होते. एक सेकंदभर. बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचे असतात तसे सैल, निवांत हात. तो कशाची तरी वाट बघत होता, आणि जे यायचं ते आलं नाही.

तिनं पहिल्याकडे परत जाऊन पाहिलं. मग दुसऱ्याकडे. मग नऊच्या नऊ. सगळ्यांचे हात पंधरा फुटांवर थांबले होते.

केतकीनं आपला उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. तर्जनी आणि मधलं बोट.

विमानात शिक्षकासमोर आणि विद्यार्थ्यासमोर एकेक कंट्रोल असतो, आणि दोन्ही एकाच दांड्यानं जोडलेले असतात. एक हलला की दुसरा हलतो. नेमकं कुणी ओढलं, हे यंत्राला कळत नाही आणि मागे बसलेल्यालाही दिसत नाही. केतकी दोन बोटं कंट्रोलच्या खाली ठेवायची. भरल्या पेल्याला आधार द्यावा, तेवढाच जोर. विद्यार्थी जरासा उशीर करायचा, ती जरासं ओढायची, विमान अलगद टेकायचं, आणि ती म्हणायची, "शाब्बास! बघ, जमलं तुला." पोरांचे चेहरे फुलायचे. कुणाच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. सहा मेले म्हटल्यावर ती अधिक जपून शिकवायला लागली, म्हणजे बोटं अधिक वेळ ठेवायला लागली, आणि नऊ मेले.

तिला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. कारण सापडलं होतं! सोमवारी हात मागे ठेवायचे, की झालं. परवाना हातात. ती खुर्चीवरून उठलीसुद्धा.

मग तिला तेजल आठवली आणि ती परत खाली बसली.

परीक्षेला बसायचे ते शाळेनं दिलेले दुसरे शिकाऊ; तेजल सपकाळे ही केतकीची पहिली खरी विद्यार्थिनी. एकोणीस वर्षांची. शिकाऊ शिक्षकाला देखरेखीखाली एक विद्यार्थी मिळतो, तशी ती मिळाली होती. त्यांचं विमान जुनं, त्यात आत्याबाईचे डोळे नव्हते. कोठलीची पद्धत अशी होती, की प्रत्येक उतरणीनंतर शिक्षक वहीत एक शब्द लिहितो. हात लावला असेल तर 'साह्यानं', नसेल तर 'स्वतः'. सलग दहा वेळा 'स्वतः' आलं, की विद्यार्थी एकटा उडतो. पूर्वी मुख्य प्रशिक्षक आधी एकदा स्वतः बरोबर जाऊन बघायचे, पण शिक्षकांच्या टंचाईत ते मागे पडलं होतं. वहीवरच विश्वास.

तेजलच्या वहीत केतकीच्या अक्षरात चौदा वेळा 'स्वतः' लिहिलेलं होतं. तिचं पहिलं एकटीचं उड्डाण उद्या सकाळी सात वाजता होतं.

उन्हं कलल्यावर तेजलचे वडील आले. एसटीच्या डेपोत नव्या ड्रायव्हरांना गाडी शिकवायचे. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर विद्यार्थ्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची शाळेत रीत होती.

"गावाकडनं तापीचं पानी आनलंय, मॅडम," ते म्हणाले. "बादलीत थोडं तरी तेच टाका. तिच्या आईची लई इच्छा आहे."

"टाकू ना," केतकी म्हणाली.

"पोरगी तुमचं नाव काढल्याशिवाय जेवत नाही. म्हनते, मॅडम एकदापन ओरडल्या नाहीत." त्यांनी कॅन खाली ठेवला. "मी ओरडतो बुवा. आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. पहिल्याच दिवशी पोरांना सांगतो, मी हा दाबला की तुम्हाला खट्ट असा आवाज येईल. आवाज आला म्हनजे समजायचं, गाडी तुम्ही नाही, मी थांबवली."

केतकीनं पेढा तोंडात घातला. ते गेल्यावर तिनं तेजलच्या वहीतले चौदा 'स्वतः' परत मोजले.

सकाळी पावणेसातला ती धावपट्टीवर आली तेव्हा तिनं मनाशी एक युक्ती जमवली होती. आजचं उड्डाण पुढे ढकलायचं. दोन-तीन दिवस तेजलला गुपचूप नीट शिकवायचं, सोमवारी आपली परीक्षा पास व्हायचं. कुणाचं काही बिघडत नाही आणि कुणाला काही कळतही नाही.

तेजल विमानाभोवती फिरून तपासणी करत होती. नवा शर्ट, वेणी घट्ट बांधलेली.

"तेजल, आज नको," केतकी म्हणाली. "वारा आडवा आहे."

तेजलनं वाऱ्याच्या पिशवीकडे बघितलं. काठीवरची केशरी पिशवी वाळत घातलेल्या पायमोज्यासारखी सरळ खाली लोंबत होती.

"वारा कुठाय, मॅडम?"

केतकीनं नजर धावपट्टीकडे वळवली.

"मॅडम, काय झालंय? मला काही येत नाही का?"

पोरगी हुशार होती. केतकीला वाटलं, आता काहीतरी सांगावं, इंजिन, तेल, काहीही. पण तिच्या डोळ्यांपुढे ते सैल, निवांत हात आले.

"तुला उतरवता येतं की नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "चौदाही वेळा माझी बोटं कंट्रोलखाली होती. विमान मी उतरवत होते."

तेजल आधी हसली. थट्टा वाटली असावी. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"पण तुम्ही शाब्बास म्हणायचात."

"हो."

"प्रत्येक वेळी म्हणायचात! मी घरी फोन करून सांगायचे!" तिचा आवाज फाटला. हँगरपाशी उभे असलेले वडील वळून बघायला लागले. "मी एकटी गेले असते आत्ता. तुम्ही मला पाठवणार होतात? त्यापेक्षा ओरडला असतात तर काय बिघडलं असतं? मला मारलं असतं तरी चाललं असतं! मला वाटत होतं मला येतंय!"

ती रडत होती. सतरा वर्षं केतकी ज्या रडण्याला घाबरत होती, ते हेच. संडासात बसून रडणारी एकोणीस वर्षांची पोर तिच्यासमोर उभी होती, आणि या वेळी पट्टी केतकीच्याच हातात होती.

तडवींनी सगळं ऐकून घेतलं. ऑफिसच्या पायरीवर बसून ते बूट घालत होते.

"चौदा खोट्या नोंदी," ते म्हणाले. "याचा अर्थ कळतो ना? सोमवारची संधी गेली. दोन वर्षं अर्जसुद्धा करता येणार नाही. नंतर घेतील की नाही, ते मला माहीत नाही."

"कळतो, सर."

"न सांगता सोमवारी पास झाली असतीस."

"हो."

तडवींनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "ऑफिस नऊ वाजता उघडतं," शेवटी ते म्हणाले. "फाइल मी नऊला उघडणार. तोवर तू शिकाऊ शिक्षक आहेस आणि ती तुझी विद्यार्थिनी आहे. परीक्षेचं विमान घे. मी मागे बसतो."

तेजल यायला तयार नव्हती. वडिलांनी तिला बाजूला नेलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण ती परत आली. डोळे सुजलेले.

"हात कुठे ठेवणार?" तिनं विचारलं.

"मांडीखाली."

"नाही. मला दिसले पाहिजेत."

केतकीनं दोन्ही तळवे समोरच्या काचेखालच्या फळीवर पसरून ठेवले. विमान उडालं, बागांवरून वळसा घेऊन उतरायला आलं. शंभर फूट. पन्नास. वीस. पंधरा फुटांवर तेजलचे हात थांबले. अगदी तसेच, सैल. केतकीची बोटं फळीवरून अर्धा इंच उचलली गेली. तिला ते दोन बोटांचं काम करायची इतकी अनावर ओढ कधीच लागली नव्हती.

"तेजल, कुणी येणार नाहीये," ती म्हणाली. "तूच ओढ."

तेजलनं ओढलं, पण उशिरा. चाकं दणकन आपटली, विमान उसळलं, मागे तडवींचं डोकं कशावर तरी आदळलं. तेजलनं किंचाळत इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि विमान परत वर घेतलं.

"उशीर झाला," केतकी म्हणाली. "पूर्ण एक सेकंद. पण वर घेतलंस ते बरोबर. पुन्हा."

दुसऱ्या वेळी घाईनं ओढलं. तिसऱ्या वेळी परत उशीर. "वाकडं आलीस. उजवा पाय झोपला होता." "नजर विमानाच्या नाकावर ठेवू नकोस, धावपट्टीच्या टोकाला बघ." "हे वाईट होतं, आधीच्यापेक्षाही वाईट." केतकी एकेक चूक बोलून दाखवत होती, आणि तिला नवल वाटत होतं, की यात पोरीचा कुठेच अपमान होत नव्हता. त्या जुन्या कॅप्टननं तिला नावं ठेवली होती. ती उतरण्याला नावं ठेवत होती. हा एवढा फरक समजायला सतरा वर्षं लागली आणि परवाना गेला.

अकराव्या वेळी हात थांबले नाहीत. विमान जरा धसमुसळेपणानंच टेकलं, एकदा उडी मारली, आणि धावत राहिलं. केतकीचे तळवे फळीला घामानं चिकटले होते. साडेआठ वाजले होते.

इंजिन बंद झाल्यावर तेजल म्हणाली, "आज एकदाही शाब्बास म्हणाला नाहीत."

"नाही म्हणाले."

तेजलनं पट्टा सोडला, खाली उतरली आणि निघाली. आभार नाहीत, माफी नाही. वडील कॅन घेऊन पुढे आले तेव्हा तिनं हात आडवा केला. "राहू द्या, पप्पा. अजून नाही."

तडवी कपाळावरचं टेंगूळ चोळत आत्याबाईच्या खोलीत गेले. सकाळच्या उड्डाणाची नोंद आपोआप आली होती. केतकी दारात उभी राहिली. आता त्या आकड्यानं तिचं काही होणार नव्हतं, तरी तिला तो बघायचा होता.

पडद्यावर आकडा आला. एक.

"एक," केतकी म्हणाली. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. एक माणूस तरी मेलाच होता. "शून्य कुणाचं येतं, सर?"

"कुणाचंच नाही. माझे दोन येतात. पहिल्यांदा चार आले होते." तडवींनी पडद्याच्या कोपऱ्यावरच्या तड्यावरून अंगठा फिरवला. "तेव्हा मी इथे पेपरवेट मारला होता."

घड्याळात नऊला पाच कमी होते. तडवी बाहेर पडले. ऑफिसचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचा. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात तिची फाइल होती आणि केतकीनं पडद्यासमोर खुर्ची ओढली होती.

"आता काय बघतेस? इथलं तुझं संपलं, केतकी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या एकाचे हात कुठे थांबले, ते बघते."